इंट्रा व्ही १० की व्ही ३० : माल घाट चढतो की उतरतो?

उन्हाळी कांद्याच्या एकोणीस गोण्या भरून माझी छोटी मालवाहू टाटा इंट्रा व्ही १० ओतूरच्या भुईकाट्यावर चढवली की पावतीवर २,१०० किलोच्या आसपास आकडा उमटतो, आणि पावती हातात देताना काट्यावरचा मुलगा दर वेळी विचारतो, "काका, एवढ्यातच भरली?" त्याचा प्रश्न गैर नाही. पुढच्या-मागच्या गाड्यांच्या हौद्यांत तीस-तीस गोण्या असतात आणि मागचे स्प्रिंगचे पाटे पार सरळ होऊन गेलेले असतात. परंतु माझ्या गाडीचे पासिंग, म्हणजे आरटीओने मंजूर केलेले कमाल वजन, मालासह एकूण २,१२० किलोचे आहे, आणि त्या आकड्यात राहून धंदा करायचा असे ठरवल्यामुळेच छोट्या इंजिनाची गाडी घ्यावी की मोठ्या, हा विचार मला नीट करता आला. पासिंग सोडून भरायचेच असेल तर इंजिनांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

माझी व्ही १० आता तीन वर्षांची झाली असून ७४ हजार किलोमीटर चालली आहे. पत्नीचे बंधू चिपळूणजवळ राहतात. त्यांनी माझ्यानंतर महिनाभराने याच घराण्यातली व्ही ३० घेतली. माझा माल कांदा आणि टोमॅटो, तो माळशेज घाटाने कल्याणमार्गे वाशीच्या बाजाराला जातो. त्यांचा माल हंगामात हापूस आणि एरवी बर्फातली मासळी, तो कुंभार्ली घाटाने कराडला आणि पुढे पुण्याला जातो. गेल्या तीन वर्षांत मी त्यांची गाडी अनेकदा चालवली, त्यांनी माझी चालवली, आणि दोन्ही गाड्या दोन्ही घाटांत भरून नेऊन पाहिल्या. प्रस्तुत परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

प्रथम कागदावरचे आकडे पाहू. व्ही १० ला ७९८ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. त्याची शक्ती ४५ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ११० न्यूटन मीटर. ती १,००० किलो माल घेते. व्ही ३० ला १,४९६ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. शक्ती ७०, टॉर्क १४०, माल १,३०० किलो आणि एकूण पासिंग २,५६५ किलो. दोन्हींना पाच गिअर आहेत. हौद्याची लांबी छोटीची ८.२ फूट आणि मोठीची ८.८ फूट असून रुंदी जवळजवळ सारखीच आहे. गाडी दाराशी उभी असता दोघींत फरक करणे कठीण जावे इतके त्यांचे तोंडावळे सारखे आहेत, म्हणूनच बहुतेक खरेदीदार सीसीच्या आकड्यावर जाऊन निर्णय घेतात.

सीसीच्या आकड्याने मात्र हमखास फसगत होते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या इंट्रा व्ही ५० चे इंजिनही १,४९६ सीसीचेच आहे, पण त्याची शक्ती ८० अश्वशक्ती आणि टॉर्क तब्बल २२० न्यूटन मीटर आहे. सिलिंडरचे आकारमान तेच, ओढ मात्र दीडपटीहून अधिक. आपल्याकडे नुसते 'पिकअप' म्हटले की जी गाडी डोळ्यांसमोर येते, त्या महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे इंजिन २,५२३ सीसीचे, शक्ती ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क २००. म्हणजे हजारभर सीसी जास्त असूनही शक्ती व्ही ३० पेक्षा केवळ पाचाने अधिक. तिचा सगळा जोर इंजिनाच्या मंद फेऱ्यांत आहे आणि मिनिटाला १,४०० फेऱ्यांपासूनच तो हाती येतो. २००५ साली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आला तेव्हा त्याच्या ७०२ सीसीच्या इंजिनाची शक्ती १६ अश्वशक्ती होती. आज त्याच्याहून जेमतेम शंभर सीसी मोठे असलेले व्ही १० चे इंजिन ४५ अश्वशक्ती देते. तेव्हा गाडी पाहायला जाताना सीसी विचारू नये. टॉर्क किती, तो कोणत्या फेऱ्यांना मिळतो आणि तो किती वजन ओढणार आहे, या तीन गोष्टी विचाराव्यात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही तिचा हिशेब कोणी मांडत नाही. पूर्ण भरलेल्या व्ही १० च्या वाट्याला दर टनामागे २१ अश्वशक्ती येते, तर भरलेल्या व्ही ३० च्या वाट्याला २७. हा फरक जाणवण्याजोगा आहे. टॉर्कचा असाच भागाकार केला तर छोटीला टनामागे ५२ आणि मोठीला ५५ न्यूटन मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबरीच! मोठी गाडी जास्त ओढते, पण तिच्या पाठीवरही जास्त असते. तीनशे किलो जादा माल आणि स्वतःचे वाढीव वजन उचलण्यातच मोठ्या इंजिनाचा बराचसा जोर खर्ची पडतो. त्यातली मेख अशी की व्ही ३० घेऊन तिच्यात हजार किलोच भरले, तर टनामागे ३१ अश्वशक्ती आणि ६२ न्यूटन मीटर मिळतात, आणि मग तीच गाडी घाटात हवेसारखी चालते. शोरूममध्ये रिकाम्या गाडीची फेरी मारून आलेला माणूस याच भुलीत सही करतो.

गेल्या वैशाखात मेहुण्यांच्या घरी लग्न होते. सामान पोहोचवण्यासाठी मी व्ही १० घेऊन चिपळूणला गेलो, आणि परतताना रिकामे कशाला जायचे म्हणून पुण्याच्या मार्केट यार्डासाठी आंब्याच्या पेट्या भरल्या. पेटी सरासरी वीस किलोची, पेट्या पन्नास. म्हणजे बरोबर पासिंगइतका माल. पोफळी मागे पडून घाट सुरू झाला तसा चौथा गिअर सुटला आणि लवकरच गाडी तिसऱ्यात स्थिरावली. सरळ चढावर तिची तक्रार नव्हती. खरी परीक्षा वळणावर झाली. तीव्र वळणापाशी वेग तोडावा लागतो, इंजिनाच्या फेऱ्या खाली येतात, आणि व्ही १० चा पूर्ण टॉर्क १,७५० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यानच मिळत असल्यामुळे त्या पट्ट्याच्या खाली उतरताच गाडी क्षणभर गुदमरते. दुसरा टाकावा तर इंजिन लगेच ओरडू लागते, तिसरा ठेवावा तर दम लागतो. समोरच्या पडद्यावर गिअर बदलण्याची सूचना देणारा बाण सारखा लुकलुकत होता. मागे चिपळूण–कराड एसटी येऊन उभी राहिली, तिच्या चालकाने दोनदा हॉर्न दिला आणि पुढच्या रुंद वळणावर ती निघूनही गेली. हेळवाकला चहासाठी थांबलो तेव्हा तापमानाचा काटा जागेवरच होता आणि इंजिनाने कुठेही मान टाकली नव्हती, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु डावा पाय आणि डावा हात भरून आले होते.

त्याच्या पंधरवडाभर आधी याच घाटात मी मेहुण्यांची व्ही ३० चालवली होती. तिच्यात बासष्ट पेट्या होत्या, म्हणजे माझ्यापेक्षा बारा अधिक. तिचा टॉर्क १,८०० ते ३,००० फेऱ्यांपर्यंत टिकतो; पट्टा बाराशे फेऱ्यांचा, माझ्या गाडीचा साडेसातशेचा. कागदावर या फरकाकडे कोणाचे लक्ष जात नाही, वळणावर मात्र तोच कामी येतो. व्ही ३० तिसऱ्यात वळण घेते आणि तिसऱ्यातच बाहेर पडते. मधल्या सरळ पट्ट्यात चौथा पडतोसुद्धा. पोफळी ते हेळवाक या टप्प्यात मला छोट्या गाडीपेक्षा दहाएक मिनिटे कमी लागली. मासळीच्या गाडीत बर्फ वितळत असताना दहा मिनिटांना मोल आहे. त्याहूनही मोल आहे ते चालकाच्या अंगातल्या त्राणाला, कारण मेहुण्यांना हा घाट आठवड्यातून चारदा, बहुधा पहाटेच्या अंधारात, भरलेल्या गाडीने चढायचा असतो.

त्यांनी गाडी घेण्यापूर्वी आमचे फोनवर बोलणे झाले होते. मी मारे ॲव्हरेजचे गणित सांगत होतो, तर ते म्हणाले, "भावोजी, तुमचा माल घाट उतरतो, आमचा चढतो. तुमचं गणित आमच्या उपयोगाचं नाही." या एका वाक्यात त्यांनी निकाल लावला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना गाडी विकत घेणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देशावरचा माल मुंबईला जातो तेव्हा भरलेली गाडी माळशेज, कसारा किंवा खंडाळा उतरते आणि चढून येते ती रिकामी, फार तर रिकाम्या कॅरेट घेऊन. कोकणातला माल कोल्हापूर, कराड, पुण्याकडे निघतो तेव्हा नेमके उलट घडते. भरलेल्या गाडीला आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढायचा असतो. घाट तितकाच उंच असला तरी इंजिनाला पडणारे काम सारखे नसते.

मग माझ्यासारख्याला इंजिन लहान असले तरी चालते का? बहुतांशी चालते, पण पूर्णतः नाही, आणि ही गोष्ट मला गाडी घेतल्यानंतरच समजली. उतारालाही इंजिन लागते. भरलेली गाडी घाट उतरताना तिला रोखून धरण्याचे अर्धे काम ब्रेकने आणि अर्धे काम खालच्या गिअरमधल्या इंजिनाने करायचे असते, आणि इंजिनाची ही रोखून धरण्याची ताकद त्याच्या आकारमानावर बरीच अवलंबून असते. व्ही ३० चे इंजिन आकारमानाने माझ्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट आहे, एकूण वजन मात्र केवळ एकवीस टक्क्यांनी अधिक. परिणामी खुबी फाटा ओलांडून माळशेज उतरू लागलो की मला दुसऱ्या गिअरमध्ये यावे लागते, तर व्ही ३० हाच उतार तिसऱ्यात, ब्रेकवर फारसा पाय न ठेवता उतरते. मागच्या पावसाळ्यात माझ्या चुलत भावाने टोमॅटोचे पंचेचाळीस कॅरेट घेऊन जाताना घाई केली. डिझेल वाचवण्याच्या नादात उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली आणि मोरोशीला पोहोचेपर्यंत नुसत्या ब्रेकवर आणली. गाडी थांबली तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येत होता आणि ब्रेकचा पाय मऊ पडला होता. त्यात गाडीचा दोष काही नाही. ढगांत हरवलेल्या घाटात भरलेली गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याला कोणतेही इंजिन वाचवू शकत नाही. परंतु छोट्या इंजिनाच्या गाडीत हा मोह अधिक होतो, कारण दुसऱ्या गिअरमधला तो मंद, ओरडता उतार कंटाळवाणा असतो.

चढण्याच्या क्षमतेचा आकडा दाखवून विक्रेते ग्राहकाला गोंधळात पाडतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. माहितीपत्रकात व्ही १० ची चढण्याची क्षमता ४३ टक्के आणि व्ही ३० ची ३७ टक्के दिलेली असते. म्हणजे छोटी गाडी मोठीपेक्षा जास्त तीव्र चढ चढते! हे खोटे नाही. वजन कमी आणि पहिल्या गिअरची ओढ त्या मानाने भरपूर, त्यामुळे ती भिंतीसारख्या चढावरही हलते. पण हलते म्हणजे किती वेगाने, हे त्या आकड्यात नसते. शिवाय भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार घाटरस्त्याचा नेहमीचा चढ पाच ते सहा टक्के असतो आणि अपवाद म्हणूनही तो सात-आठ टक्क्यांच्या वर नेत नाहीत. त्यामुळे ३७ आणि ४३ मधला फरक डांबरी रस्त्यावर कधीच कामाला येत नाही. तो कामाला येतो शेतात. ओढ्याकाठच्या माझ्या वावरातून बांधावर चढणारी पंधरा-वीस फुटांची वाट आहे, पाऊस झाला की तिथे चिखल होतो, आणि त्या जागी व्ही १० पहिल्या गिअरमध्ये निमूटपणे वर येते. मेहुण्यांची गाडीही आली, पण मागची चाके थोडी फिरली. ती रिकामी होती, त्यामुळे ही तुलना न्याय्य नाही हे मान्य आहे.

आता डिझेलचा हिशेब. माझ्या वहीप्रमाणे व्ही १० वाशीच्या जाऊन-येऊन फेरीत लिटरला साडेसतरा किलोमीटर देते. मेहुण्यांची व्ही ३० त्यांच्या रस्त्यावर साडेतेराच्या आसपास आणि माझ्या रस्त्यावर चालवली तेव्हा साडेचौदा देत होती. रस्ता बदलला की आकडा बदलतो, म्हणून तुलना माझ्याच रस्त्यावरची घेतो. फेरी तीनशे किलोमीटरची आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर छोटीला सुमारे १,५४० रुपये लागतात आणि मोठीला १,८६०. वरवर पाहता छोटी फेरीमागे तीनशेवीस रुपये वाचवते. पण हिशेब किलोमागे करायला हवा. छोटीत हजार किलो भरले तर किलोमागे डिझेल एक रुपया चोपन्न पैसे पडते. मोठीत पूर्ण तेराशे किलो भरले तर एक रुपया त्रेचाळीस पैसे. म्हणजे भरून चालवली तर मोठी गाडीच स्वस्त! आणि मोठीत हजारच किलो भरले तर तोच खर्च एक रुपया शहाऐंशी पैशांवर जातो. दोघींची बरोबरी साधारण बाराशे किलोंना होते. ज्याची सरासरी खेप बाराशे किलोंच्या वर आहे त्याने व्ही ३० घ्यावी, खाली आहे त्याने व्ही १० घ्यावी, इतका हा हिशेब सरळ आहे; कर्जाचा हप्ता त्यात अजून धरलेलाच नाही, आणि तो धरला की तराजू आणखी थोडा छोटीकडे झुकतो.

मात्र सरासरी खेप म्हणजे सर्वांत मोठी खेप नव्हे, याचा विसर पडतो. गाडी घेताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ऐन हंगामातला ढिगारा असतो. माझ्या वहीत दर तीन खेपांमागे एकच खेप पूर्ण भरलेली आहे. बाकीच्या सहाशे-आठशे किलोंच्या आहेत. कोथिंबीर किंवा मेथी असली तर हौदा वरपर्यंत भरूनही वजन पाचशेच्या पुढे जात नाही, आणि अशा मालाला मोठ्या इंजिनाचा काहीच उपयोग नसतो. टोमॅटोचे उलट आहे. भरलेला कॅरेट बावीस किलोंच्या आसपास असतो, पंचेचाळीस कॅरेट झाले की व्ही १० चे पासिंग संपते, आणि हौद्यात तर अजून दोन थरांची जागा दिसत असते. ती मोकळी जागा पाहूनच माणूस बिघडतो.

बिघडलेल्यांची किंमतही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये असा दंड आहे, शिवाय जादा माल जागेवर उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. रस्त्याच्या कडेला उतरवलेल्या टोमॅटोचे काय होते ते कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. माझ्या गाडीची क्लच प्लेट ५२ हजार किलोमीटरला बदलावी लागली, ती याच चुलत भावाने दोन हंगाम गुपचूप साठ-साठ कॅरेट भरल्यामुळे. साठ कॅरेट म्हणजे तेराशे किलो, म्हणजे नेमके व्ही ३० चे काम व्ही १० कडून करून घेणे. तेव्हापासून वजनाची पावती घरी आणून दाखवायची, असा आमचा नियम आहे.

चालवण्याच्या सुखाबद्दल थोडक्यात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, दोन सिलिंडरच्या इंजिनात एकच, त्यामुळे व्ही १० उभी असताना गिअरचा दांडा थरथरत राहतो आणि सीटखालून एक बारीक कंप येत असतो. वेग चाळीसच्या पुढे गेला की तो विरतो. व्ही ३० उभी असताना पाण्याची बाटली डॅशबोर्डवर स्थिर राहते. वेगाच्या बाबतीत मात्र मोठ्या इंजिनाचा फायदा मर्यादितच आहे, कारण मालवाहू गाडीला ताशी ऐंशी किलोमीटरचा वेगनियंत्रक असतोच. मुरबाडच्या सपाट रस्त्यावर दोन्ही गाड्या त्याच आकड्यावर जाऊन थांबतात, मोठी थोडी आधी पोहोचते इतकेच. रिकाम्या परतीच्या वाटेवर मी डिझेल वाचवणारे इको बटण दाबून ठेवतो, भरलेल्या गाडीत ते बंद ठेवतो. वाशीच्या गाळ्यांसमोर गाडी उलटी लावताना छोटीचा ४.७५ मीटर त्रिज्येचा वळसा आणि मोठीचा ५.२५ मीटर त्रिज्येचा वळसा यांतला अर्धा मीटर मला रोज जाणवतो, आणि पहाटे चार वाजता हमाल खोळंबून उभे असताना तो फार मोठा वाटतो.

काही खर्च असे आहेत की त्यांच्यामुळे निवडीत काही फरक पडत नाही, तरी ते भीती घालण्यासाठी वापरले जातात. मोटारकारचा तृतीय पक्ष विमा सीसीवर ठरतो, त्यामुळे मालवाहू गाडीलाही मोठ्या इंजिनाला हप्ता जास्त पडेल असा समज आहे. तो चुकीचा आहे. मालवाहू गाडीचा हा हप्ता एकूण वजनावर ठरतो, साडेसात हजार किलोंपर्यंत एकच टप्पा आहे, आणि २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे त्या टप्प्याला कर सोडून १६,०४९ रुपये पडतात, गाडी व्ही १० असो वा व्ही ३०. परवान्याचेही तसेच. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्के केले आहे.

खरेदीचा अनुभव मात्र फारसा चांगला नव्हता. जिल्ह्यातल्या ज्या विक्रेत्याकडे मी प्रथम गेलो, त्याने दोन्ही गाड्या रिकाम्या, आत मी आणि त्याचा पोरगेला विक्रीप्रतिनिधी, अशा सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून दाखवल्या. "वजन टाकून दाखवा" म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "साहेब, रिकामी इतकी पळते म्हणजे भरलेली पळणारच ना!" त्यानंतर त्याने माझ्या मालाबद्दल एकही प्रश्न न विचारता मोठ्या गाडीच्या हप्त्याचा कागद पुढे केला. मी तिथून उठलो. शेवटी गावातल्या एका ओळखीच्या माणसाची व्ही १० एका दिवसासाठी भाड्याने घेतली, स्वतःच्या कांदाचाळीतल्या एकोणीस गोण्या तिच्यात भरल्या, माळशेज उतरून सरळगावपर्यंत गेलो आणि तशीच भरलेली गाडी पुन्हा घाट चढवून घरी आणली. शेजारच्यांनी वेड्यात काढले. त्या एका दिवसाचे भाडे आणि डिझेल मिळून जो खर्च झाला, तो पाच वर्षांच्या कर्जापुढे काहीच नव्हता. गाडी दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतली.

मला कोणी गाडीबद्दल विचारायला आले की मी आता चार प्रश्न विचारतो. माल काय, सरासरी खेप किती किलोंची, भरलेली गाडी घाट चढते की उतरते, आणि चालवणार कोण. पहिल्या तिघांची उत्तरे आली की इंजिन आपोआप ठरते. चौथा प्रश्न त्यांच्याइतका साधा नाही. गाडी स्वतः चालवणारा माणूस व्ही १० ची नाजूक गिअरबाजी शिकून घेतो, पगारी चालक शिकत नाही. तो तिसऱ्यात गुदमरणारी गाडी तशीच रेटतो आणि क्लच अर्धा दाबून वळणे घेतो. म्हणून खेप हजार किलोंच्या आतली असली तरी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल आणि रोजचा घाट असेल, तर मी व्ही ३० सुचवतो. आळेफाट्याच्या एका दूधवाल्याला मात्र मी ठामपणे व्ही १० घ्यायला लावली. त्याचे कॅन मिळून सहाशे किलो होतात, रस्ता सपाट, आणि थांबे इतके की गाडी तिसऱ्याच्या पुढे जातच नाही.

आणि तेराशे किलोंहूनही जास्त माल नियमित असेल तर व्ही ३० वर ताण देऊ नये, सरळ दीड टनाची व्ही ५० किंवा १.७ टन माल घेणारी बोलेरो पिकअप पाहावी. मेहुणे सध्या त्याच विचारात आहेत. मासळीचे खोके वाढले आहेत, आठवड्याला दोन खेपा आणखी मिळत आहेत, आणि २२० न्यूटन मीटरचा आकडा त्यांच्या मनात बसला आहे. व्ही ५० घेतली की त्यांची व्ही ३० मी घ्यावी असे त्यांनी सुचवले होते. मी वही काढून गेल्या हंगामाच्या खेपा मोजल्या, सरासरी साडेसातशे किलोंच्या आसपास आली, आणि त्यांना नाही म्हणून कळवले. आता ते त्या गाडीसाठी चढाच्या बाजूचा गिऱ्हाईक शोधत आहेत.